माझ्या नावावरचे सात सामने

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची १९५२-५३ सालची नोंद अशी आहे: आठ सामने, सात विजय, एक पराभव, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपविजेते. जिमखान्यातल्या लाकडी फळ्यावर ही ओळ पांढऱ्या रंगाने रंगवली आहे आणि तिच्या शेवटी लिहिलं आहे, ‘सर्वाधिक गुण – प्लासिड रॉड्रिग्ज’. प्लासिड रॉड्रिग्ज म्हणजे मी, उमेळे गावच्या सायमनचा एकुलता एक मुलगा. त्या आठ सामन्यांपैकी मी एकच खेळलो आणि तो कुठला हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी आमच्या टीमला इतिहास म्हणावा असं काही नव्हतंच. सेहेचाळीस साली टीम उभी राहिली. पहिल्या वर्षी पाच सामने, पाच पराभव. दुसऱ्या वर्षी सहा सामने, सहा पराभव. तिसऱ्या वर्षी एक विजय मिळाला, कारण समोरची टीम वेळेवर पोचलीच नाही. त्या विजयाचासुद्धा फोटो काढून ऑफिसात लावला होता. पुढची तीन वर्षंही अशीच धन्य गेली. आमच्या टीमची पत एवढीच की समोरचे लोक आपले नवे खेळाडू आमच्यावर चालवून बघायचे.

मी या टीममधे गेलो तो उंचीमुळे. सहा फूट दीड इंच. वर्गात शिरलो तसं टीम सांभाळणाऱ्या प्रोफेसरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि संध्याकाळी ग्राउंडवर यायला सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की देवाने मला उंची दिली ती केळीचे घड उतरवायला. बॉल माझ्या हातात आला की साबणासारखा निसटायचा. तरी नाव नोंदवलं होतं ते राहिलं आणि मी दहावा गडी म्हणून बाकावर बसू लागलो. बाकावर बसायला मला आवडायचं. मुंबईत मला ओळखणारं कोणी नव्हतं आणि बाकावर निदान डावीउजवीकडे माणसं असायची.

घरी तेवढंही नव्हतं. आई, लुसी तिचं नाव, मी बारा वर्षांचा असताना गेली. त्यानंतर आमच्या घरात मी आणि बा असे दोघंच. बा वाईट माणूस नव्हता. त्याने मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, स्वतः रांधून वाढलं. पण बोलायचा नाही. वाडीत पानवेल आणि केळी, विहिरीवर रहाट, रहाटाला बैल. त्या बैलाशी तो माझ्यापेक्षा जास्त बोलायचा, आणि हे मी चेष्टेने सांगत नाही. शनिवारी मी हॉस्टेलवरून बसीन रोड स्टेशनला उतरून चालत घरी यायचो. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसायचो. ‘भात घे.’ ‘घेतला.’ ‘पाणी कमी आहे विहिरीला.’ ‘हो का.’ एवढ्यावर जेवण संपायचं. सात वर्षं असे रविवार मी काढले होते. घरून परत मुंबईला निघालो की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि तसं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचा राग यायचा.

आता आलोशियस. आलोशियस पाचूबंदरचा, दर्यावर जाणाऱ्या घरातला. त्यांच्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिला. फादरांनी मागे लागून त्याला पाठवला होता. उंचीला माझ्याहून चार बोटं कमी, पण मनगटं अशी की बॉल त्याच्या हातात गेला की तिथे राहायलाच आल्यासारखा वाटे. तोही माझ्याच खोलीत राहायचा. बावन्नच्या सप्टेंबरात, पावसाळा संपून होड्या बाहेर पडल्या त्याच पंधरवड्यात, त्याचा बाप दर्यात गेला. होडी आली, बाप आला नाही.

पाचूबंदरला वर्ष पाळायची रीत मोठी कडक. वर्षभर घरात गोडधोड नाही, नाताळची करंजी नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही, बॅण्ड ऐकणं नाही, होडीला नवा रंग नाही. पुरुषांनी शर्टाच्या बाहीवर काळी फीत शिवायची आणि ती वर्षाच्या मिस्सानंतरच उसवायची. खेळ तर नाहीच नाही. खेळ म्हणजे मौज. आलोशियसच्या आईने, सालोमीने, मुलाला हॉस्टेलला परत पाठवताना चारही शर्टांना फिती शिवून दिल्या आणि विचारलं की तिथे कोणी बघायला नाही म्हणून तू वर्ष मोडणार नाहीस ना. त्याने नाही म्हटलं.

त्याने खरोखरच आठ दिवस बॉलला हात लावला नाही. खोलीत पलंगावर बसून भिंतीकडे बघायचा. तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं. नवव्या दिवशी मी त्याला ग्राउंडवर एकटा पाहिला, भर दुपारी, अंगात बिनबाह्यांची बनियन. तो बास्केटमधे बॉल टाकत होता, उचलत होता, परत टाकत होता. मला बघून थांबला आणि म्हणाला, “बनियनला बाहीच नाय. फीत कुठं शिवू?”

आमचा कॅप्टन अँथनी वांद्र्याचा. त्याला पाचूबंदरची रीत ठाऊक नव्हती आणि ठाऊक झाल्यावर पटली नाही, पण आलोशियसशिवाय टीम म्हणजे पुन्हा सहा सामने सहा पराभव हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अडचण एकच होती. सामन्यांचे निकाल इंग्रजी पेपरात यायचे, गुण मिळवणाऱ्यांच्या नावांसकट. पाचूबंदरच्या बायका रोज मुंबईच्या बाजारात मासळी घेऊन यायच्या, त्यांच्या घरातले दोघे-तिघे गोदीत कारकून होते. नाव छापून आलं की संध्याकाळच्या आत सालोमीच्या कानावर गेलं असतं. तेव्हा अँथनीने तोडगा काढला. प्लासिडचं नाव नोंदलेलं आहे, प्लासिडला कुणी ओळखत नाही, प्लासिड खेळत नाही. आलोशियसने प्लासिड म्हणून खेळावं.

प्रोफेसरांनी हे ऐकलं नाही, म्हणजे ऐकल्याचं दाखवलं नाही. मी लगेच हो म्हटलं. माझं काय जात होतं? फक्त एक होतं. दोन प्लासिड एका ग्राउंडवर दिसायला नकोत, म्हणून सामन्याच्या वेळी मी बाकावर बसायचं नाही, खोलीत बसायचं.

पहिल्या सामन्याला मी खोलीत बसलो. ग्राउंड हॉस्टेलच्या मागेच होतं. आवाज यायचा, पण कुणाचा हे कळायचं नाही. आमचे ओरडतायत की त्यांचे? मी पुस्तक उघडलं, मिटलं, पाणी प्यालो. इतका एकटा मी पूर्वी कधी नव्हतो, आणि गंमत म्हणजे त्या वेळी बाहेर माझ्याच नावाने हाका मारत होते. आम्ही जिंकलो. अडतीस विरुद्ध एकतीस. समोरची टीम वेळेवर आली असताना मिळालेला आमच्या कॉलेजचा हा पहिला विजय. प्लासिड रॉड्रिग्ज, सोळा गुण.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात बेनेडिक्ट मास्तरांनी बाला गाठलं. मास्तर गावात इंग्रजी पेपर घेणारे एकटेच. त्यांनी घडी घातलेला पेपर खिशातून काढून बाला माझं नाव वाचून दाखवलं, बोट ठेवून. बाला इंग्रजी येत नव्हतं. त्याने त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं आणि मास्तरांना विचारलं की हा कागद ते त्याला देतील का.

जेवताना त्याने भात वाढला आणि तो बसला. मग म्हणाला, “सोळा म्हणजे किती वेळा टाकला?”

मी घास घेता घेता थांबलो. आठ वेळा, मी म्हटलं. एकदा टाकला की दोन.

“कसा टाकला?”

तेव्हाच खरं सांगायचं होतं. तीन वाक्यांचं काम होतं. पण सात वर्षांत बाने मला ‘कसा’ असं काही विचारलंच नव्हतं. आलोशियसने आदल्या दिवशी पलंगावर पडून मला सामना सांगितला होता तो मी बाला सांगितला. बा जेवायचा थांबला होता. मधेच त्याने विचारलं की बास्केट किती उंच असते. मी म्हटलं दहा फूट, तर त्याने आढ्याकडे पाहून अंदाज घेतला. जेवण संपलं तेव्हा हात वाळून गेले होते.

त्यानंतरचे रविवार मला आजही एकेक आठवतात. दुसरा सामना, एकेचाळीस-तीस. तिसरा, दोन गुणांनी, शेवटच्या मिनिटात. चौथा, पाचवा. कॉलेजात प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी टीमचं अभिनंदन केलं, जिमखान्याला नवे बॉल आले, आणि मी दर सामन्याला खोलीचं दार लावून बसायचो. मग आलोशियस घामाने निथळत यायचा आणि मी त्याला टॉवेलसुद्धा घेऊ न देता विचारायचो. कुठून टाकला, कुणी दिला, समोरचा कसा होता, पाय कसा होता, लोक काय म्हणाले. सुरुवातीला तो हौसेने सांगायचा. त्यालाही सांगायला दुसरं कोण होतं? घरी आई विचारायची ते एवढंच, की वर्ष नीट पाळतोस ना. पण पाचव्या सामन्याला तो म्हणाला, आता पुरे, जिंकलो, झालं. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझं नाव वाचवतोय मी, तर एवढं सांगायला जड जातं का तुला. त्याने सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

कारण घरी बा बोलायला लागला होता. नुसता ऐकत नव्हता, बोलत होता. तिसऱ्या सामन्याचं ऐकून त्याने सांगितलं की तरुणपणी तो गावच्या पोरांत सगळ्यात लांब उडी मारायचा, वाडीतला पाट उभ्याने ओलांडायचा. चौथ्या सामन्यानंतर त्याने आईची गोष्ट काढली. ती त्याला पहिल्यांदा दिसली ती फुलांची टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनकडे धावताना. गाडी सुटत होती आणि टोपलीतलं एक फूल सांडलं नाही. “तुझे पाय तिचे,” बा म्हणाला. आईबद्दल इतकं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी जेवणावरून उठून परसात गेलो आणि तोंड धुतल्यासारखं केलं.

मला ठाऊक होतं की हे सगळं दुसऱ्याच्या पायांवर उभं आहे. रोज वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं की पुन्हा ‘भात घे’ आणि ‘घेतला’. मला बाचं बोलणं हवं होतं. त्यासाठी मी वाटेल तितकं खोटं बोललो असतो.

सात सामने जिंकून आम्ही अंतिम सामन्यात गेलो. कॉलेजात जणू दिवाळी होती. त्या रविवारी बाने ताट बाजूला सारलं आणि सांगितलं की शनिवारी तो सामना बघायला मुंबईला येणार आहे. मी म्हटलं वाडीचं काय, पाण्याची पाळी आहे. शेजारच्याला सांगितलंय, तो म्हणाला. मी म्हटलं ऊन असतं, बसायला जागा नसते, खेळ कळायला अवघड असतो. बा म्हणाला, मला सगळा कळतो, तूच तर शिकवलास.

सोमवारी मी आलोशियसला हे सांगितलं. तो पलंगावर बसून शर्टाची फीत नीट करत होता. एका टोकाला टाके सुटले होते. मी म्हटलं, मी बाला सांगतो ताप आलाय, येऊ नको. तो म्हणाला की मग तो तापाला बघायला येईल. हे खरं होतं. थोड्या वेळाने त्याने दोरा दाताने तोडला.

“तू खेळ,” तो म्हणाला.

मी म्हटलं, वेडा झालास का, अंतिम सामना आहे. अँथनी मला जिवंत सोडणार नाही. सात वर्षांत पहिल्यांदा टीमचं नाव फळ्यावर लागतंय.

“माजा बा आता मला बघायला यायचा नाय,” आलोशियस म्हणाला. “तुजा येतोय. तू खेळ. मी त्याच्या बाजूला बसतो, त्याला कोन काय करतो ते सांगतो.”

अँथनीने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने आलोशियसला हात जोडले, प्रोफेसरांकडे गेला. पण प्रोफेसरांनी आधी काही ऐकलं नव्हतं, मग आता कसं ऐकणार? मीसुद्धा आलोशियसला दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. मला बासमोर एकदा त्या बनियनमधे उभं राहायचं होतं, हेच खरं.

बा आला तो लग्नातला कोट घालून. बरोबर केळीचा एक अख्खा घड, टीमला. सगळे त्याला ‘अंकल’ म्हणाले, अँथनीसुद्धा. आलोशियस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, काळी फीत लावून आला आणि त्याने बाला बाकाच्या मागच्या रांगेत नेऊन बसवलं. मी ओळख करून दिली, हा माझा खोलीतला, पाचूबंदरचा. बाने फितीकडे पाहिलं आणि बापाबद्दल विचारलं. दोघं हळू आवाजात काही बोलले. मला ते ऐकू आलं नाही.

सामना काय सांगू. पहिल्या मिनिटाला बॉल माझ्याकडे आला आणि तो मी समोरच्या गड्याच्या हातात दिला, जणू त्याचाच होता तो. त्यांनी पहिले दोन गुण घेतले. पुढे अँथनीने मला बॉल देणंच बंद केलं. चार जण खेळत होते आणि पाचवा धावत होता. धावलो मात्र मी जिवाच्या आकांताने. मध्यंतराला आम्ही नऊ, ते बावीस. दुसऱ्या डावात मला दोन फ्री थ्रो मिळाले. पेपरात नाव वाचलेल्या लोकांना वाटलं आता सर्वाधिक गुणांचा प्लासिड जागा होणार. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर गेला, दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. कुणीतरी हसलं. मी मागच्या रांगेकडे पाहिलं.

बा माझ्याकडे बघत नव्हता. तो आलोशियसच्या हातांकडे बघत होता. आलोशियसचे दोन्ही हात मांडीवरून वर आले होते, मनगटं वळलेली, बोटं पसरलेली. मी बॉल टाकला तेव्हा त्यानेही टाकला होता. त्याचं त्यालाही कळलं नसावं. बाने आयुष्यभर माणसांचे कामाचे हात पाहिले होते. मी परत धावायला लागलो.

त्रेचाळीस-चोवीस. प्लासिड रॉड्रिग्ज, शून्य. तरी मोसमाची बेरीज माझ्याच नावावर सगळ्यात मोठी निघाली, म्हणून फळ्यावर नाव आलं. टीमने मला शिव्या घातल्या नाहीत, याचं कारण बा तिथे उभा होता आणि सगळ्यांना केळी वाटत होता. अँथनीने केळं घेतलं, सोलून खाल्लं आणि त्यानंतर तो आजतागायत माझ्याशी बोलला नाही.

परतीच्या वाटेवर बा म्हणाला की खूप धावलास. बस्स. घरी आल्यावर कोट झटकून खुंटीला लावला आणि बैलाला चारा घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्साहून आलो, जेवायला बसलो. मी वाट बघत होतो की आता तो म्हणेल. शिव्या देईल, विचारेल, ताट भिरकावेल. बाने भात वाढला, कालवण वाढलं आणि शांतपणे म्हणाला, “तो तिसरा सामना परत सांग. दोन गुणांचा.”

माझं डोकं फिरलं. मला वाटलं तो माझी परीक्षा बघतोय, मला खेळवतोय, बोलायला लावून पकडतोय. माझा स्वभाव असा की समोरच्याने हात पुढे केला तरी मला तो मारायला उगारलेला वाटतो. मी म्हटलं, काय सांगू? तो सामना मी पाहिलासुद्धा नाही. एकही पाहिला नाही. खोलीत दार लावून बसायचो मी. खेळला तो तुझ्या बाजूला बसला होता तो, आणि हे तुला कालच कळलंय, मग कशाला विचारतोस. सगळं सांगितलं, फीत, पेपर, नाव, सगळं. बोलून झालं तेव्हा मला धाप लागली होती.

बा ताटाकडे बघत होता. त्याने भाताची मूठ वळली, परत सोडली.

“हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं,” तो म्हणाला.

त्यानंतर ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस आले. रविवारमागून रविवार गेले. भात घे. घेतला. मी कधी पेपरातलं, कधी कॉलेजातलं काही काढून पाहिलं, तो ‘हो का’ म्हणायचा. रागावला नव्हता, हेच वाईट होतं. रागावला असता तर कधीतरी राग उतरला असता. त्याला मी फसवलं याचं काही नव्हतं. मी ते संपवलं याचं होतं. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि आपणहून पुन्हा काही सुरू करायचं कसं हे आम्हा दोघांनाही शिकवलेलं नव्हतं.

ईस्टर झाल्यावर मी पाचूबंदरला गेलो. आलोशियसने कॉलेज सोडलं होतं. मोठ्या भावाला होडीवर माणूस हवं होतं. तो किनाऱ्यावर जाळं पसरून बसला होता. मी त्याला म्हटलं, रविवारी आमच्याकडे जेवायला ये. सणाचं काही नाही, साधा भात, वर्ष मोडणार नाही. ये आणि बाला सामने सांग. खरे. तू खेळलास ते. तुझ्या नावाने. त्याने जाळ्याची एक गाठ सोडवली. मग विचारलं की बा खूप गप्प आहे का. मी म्हटलं हो.

तो आला. येताना सुक्या बोंबलांची जुडी आणली, बाने ती नीट बघून घेतली. जेवायला बसलो आणि मी सुरुवात करून दिली, बा, हा सांगेल. आलोशियसला मोठ्यांसमोर सांगायची सवय नव्हती, तुटक तुटक सांगायचा. पण बाने विचारायला सुरुवात केली आणि तो खुलला. बा पुढे सरकून बसला होता. पहिला सामना झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आलोशियस म्हणाला की शेवटचा बॉल त्याने रिंगखालून टाकला.

बाने मान हलवली. नाही, तो म्हणाला, तू डावीकडून आलास. दोघं अंगावर होते, त्यातला एक पडला, तू त्याला ओलांडून उडी मारलीस, पाट ओलांडावा तशी.

मी खाली बघितलं. तो पडलेला गडी माझा होता. ती उडीही माझी. बाला आवडेल म्हणून मी एका रविवारी ती घातली होती. आलोशियसने माझ्याकडे एक नजर टाकली.

“व्हय,” तो म्हणाला. “डावीकडूनच. मी इसरलो.”

बा हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे दात दिसले. त्याने आलोशियसच्या ताटात भात वाढला आणि म्हणाला, “खेळलास तू. पण सांगावं ते प्लासिडने.”

मग तो माझ्याकडे बघून थांबला. एवढंच हवं होतं मला, गेल्या दोन महिन्यांत नाही, गेल्या सात वर्षांत. तोंड उघडायचं होतं. चौथा सामना मला पाठ होता, त्याच्या खऱ्याखोट्या सगळ्या तपशिलांसकट. पण आत काहीतरी अडून बसलं. वाटलं, आता म्हणतोस? इतके रविवार मला ‘हो का’ ऐकवलंस आणि आता, दुसऱ्यासमोर? मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. माझ्याइतका मूर्ख माणूस उमेळ्यात दुसरा नसेल.

बा अजून थोडा वेळ थांबला. मग त्याने आलोशियसकडे वळून विचारलं की यंदा बोंबील कसा आहे.